नाव नसलेले जुने अलॉय: नट पुन्हा पुन्हा ढिले का होतात आणि चाक ओळखायचं कसं

फियाटचे सोळा बोल्ट मी काउंटरवर ओळीने उभे केले आणि मालकांना म्हटलं, "दादा, आता जरा जवळून बघा." बोल्टच्या डोक्याखाली जो उतार असतो, जो अलॉयच्या भोकात जाऊन बसतो, तो प्रत्येक बोल्टवर एकाच बाजूने घासून चकचकीत झाला होता. दुसऱ्या बाजूला काळा रंग जसाच्या तसा. नख फिरवलं तर मधे कड लागत होती. दादांनी तीन ठिकाणी बॅलन्सिंग करून घेतलं होतं, पुढचे टायर बदलले होते, टाय रॉड एंडही, म्हणजे स्टेअरिंगचे सांधे, नवे टाकले होते. दुखणं ह्या सोळा कडांवर होतं आणि तिकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

माझं टायर-अलाइनमेंटचं दुकान हातखंबा तिठ्यापासून जवळ आहे. मे महिन्यात आणि गणपतीच्या आधी पंधरा दिवस, मांगरात झाकून ठेवलेल्या जुन्या गाड्या बाहेर निघतात आणि ही तक्रार ठरल्यासारखी येते. साठच्या वर गेलं की स्टेअरिंग थरथरतं, बॅलन्सिंग केलं की दोन दिवस बरं वाटतं, मग परत तेच, आणि पाना लावला तर नट सहज फिरतो. गाडी वेगळी, माणूस वेगळा, पण चाकं दर वेळी त्याच जातीची: भंगारातून, चोरबाजारातून नाहीतर कुणीतरी बोटीवरून आणलेली जुनी मॅगव्हील, ज्यांच्यावर ना कंपनीचं नाव ना मापाचा आकडा. लोक आल्या आल्या विचारतात, "कुठल्या कंपनीचं आहे हे?" माझा आग्रह आहे की हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा. आधी चाक मोजा. मापं पुरी झाली की बरेचदा नाव आपसूक समोर येतं, आणि नाही आलं तरी चाक कुठल्या गाडीला चालेल हे पक्कं कळलेलं असतं.

त्या फियाटच्या हबवर, म्हणजे चाक ज्यावर बोल्टने बसतं त्या भागावर, मी पीसीडी मोजला, तो आला ९८ मिलिमीटर. पीसीडी म्हणजे सगळ्या बोल्टांच्या मध्यांतून एक वर्तुळ काढलं तर त्याचा व्यास. अलॉयवर तोच मोजला तर १००. फरक दोन मिलिमीटरचा, म्हणजे प्रत्येक बोल्ट आपल्या भोकाच्या मध्यापासून एक मिलिमीटर सरकलेला. एवढ्याने बोल्ट अडत नाही, भोकात तेवढी मोकळीक असतेच. चारही चढतात, पान्याला कडक लागतात, फिटर निर्धास्त होतो. पण उतार चहूबाजूंनी न टेकता एका कडेवर टेकलेला असतो. जो बोल्ट आधी आवळला त्याने चाक आपल्याकडे एक मिलिमीटर ओढून घेतलं की समोरच्या बोल्टच्या वाट्याला दोन मिलिमीटरचा वाकडेपणा येतो. गाडी धावायला लागली की ती कड दबते, झिजते, बोल्टमधला ताण निघून जातो आणि तो सुटायला लागतो. पुन्हा आवळलात की पुन्हा नवी कड झिजायला घेते.

बॅलन्सिंगचा उपयोग का होत नाही, हे एकदा समजून घ्या म्हणजे पैसे वाचतील. मशीन चाकाला मधल्या मोठ्या भोकातून शंकूवर धरतं. तिथे चाक बरोबर मध्यावर फिरतं, मशीन शून्य दाखवतं आणि ते खरंच सांगत असतं. गाडीवर मात्र त्या फियाटच्या हबचा मधला उंचवटा अलॉयच्या भोकाला कुठेच टेकत नव्हता, कारण भोक तब्बल ७३ मिलिमीटरचं होतं. अशा वेळी चाकाला मध्यावर धरणारे फक्त ते चार बोल्ट, आणि तेच तिरके. तेव्हा मशीनवर शून्य आणि रस्त्यावर थरथर अशी अवस्था असेल तर चौथ्यांदा बॅलन्सिंगला जाऊ नका. बोल्ट काढा आणि उतार बघा.

पीसीडी मोजायची युक्ती

टेप वाकवून, डोळ्याने मध्य धरून घेतलेलं माप इथे चालत नाही, कारण भांडण दीड-दोन मिलिमीटरचं आहे. स्टीलची पट्टी आणि व्हर्निअर घ्या. भोकाचा मध्य शोधत बसू नका. चार भोकांच्या चाकावर एका भोकाच्या डाव्या कडेपासून समोरच्या भोकाच्या डाव्याच कडेपर्यंत मोजा. भोकं सारखी असतील तर हे अंतर मध्यापासून मध्यापर्यंतच्या अंतराइतकंच येतं. पाच भोकांच्या चाकात समोरासमोर भोक नसतं, म्हणून शेजारशेजारच्या दोन भोकांचं अंतर घ्या आणि १.७०१ ने गुणा. मग एक भोक सोडून पुढच्याचं अंतर घेऊन १.०५१ ने गुणा. दोन्ही उत्तरं जुळली तर माप खरं. शेजारचं अंतर ८२.१ आलं तर पीसीडी १३९.७, म्हणजे जीपवाल्यांना तोंडपाठ असलेला आकडा.

ह्या आकड्यांत देश दडलेला असतो. जुन्या इंग्रजी, अमेरिकी आणि त्यांच्या वळणावर गेलेल्या जपानी गाड्यांचे पीसीडी इंचात ठरले, आणि आपल्या पावणे-सव्वा-साडेच्या भाषेत ते सहज बसतात. पावणेचार इंच म्हणजे ९५.२५, हा ट्रायम्फ हेराल्डचा, जी आपल्याकडे मद्रासला स्टँडर्ड हेराल्ड म्हणून बनायची. चार इंच म्हणजे १०१.६, मूळ मिनी. सव्वाचार म्हणजे १०८ ला टेकलेला, फोर्ड एस्कॉर्ट आणि कॉर्टिना. साडेचार म्हणजे ११४.३, ह्यात एमजीबी आली, जुन्या डॅटसन आल्या आणि आपली मारुती ८००ही आली. पावणेपाच, पाच भोकं, म्हणजे १२०.६५: जॅग्वार आणि शेव्हरोले. साडेपाच, पाच भोकं: विलीज, महिंद्राची जुनी जीप, मारुती जिप्सी. युरोपातल्या मंडळींनी मिलिमीटर धरला. फियाट १२४, युनो, पालिओ ९८. गोल्फ, ओपेल कॅडेट, बीएमडब्ल्यू २००२ हे १००. मर्सिडीज पाच भोकांत ११२, पोर्शे ९११ पाच भोकांत १३०. बीटल आधी पाच भोकं २०५, मग १९६८ च्या मॉडेलपासून चार भोकं १३०.

९८, १०० आणि १०१.६ हे तिघे एकमेकांच्या जागी चढतात, आणि माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत ह्या तिघांचाच वाटा मोठा असतो. आणखी एक सापळा: काही जुन्या बाजारी चाकांना गोल भोकाऐवजी लांबट भोकं असतात आणि त्यांच्याबरोबर मध्य सरकवणारे खास वायसर येतात. तसं चाक एकापेक्षा जास्त पीसीडीला चालतं, पण ते वायसर हरवले असतील तर ते कुठल्याच गाडीला चालत नाही.

पावसच्या काकांची आठ काड्यांची चाकं

मापांचा पुढचा भाग मी एका खऱ्या संचावरून सांगतो. पावसचे एक काका बोटीवर इंजिनिअर होते. १९८० च्या सुमारास त्यांनी जपानमधल्या एका बंदरातून चार चाकं आणली आणि ती इतकी वर्षं माळ्यावर होती. आठ काड्या, मधे उघडं भोक, वरून रंगाचे तीन-चार थर. मागच्या वर्षी ते चारही चाकं रिक्षात घालून आले. "अरे, ही मिनिलाइट आहेत. मॅग्नेशियमची. मुंबईचा एक माणूस मोठी किंमत सांगून गेलाय. तू फक्त बघ आणि माझ्या मारुतीला चढव." गाडी पहिल्या पिढीतली ८००, काकांनी मुलासारखी जपलेली.

आठ काड्या पाहून मिनिलाइट म्हणायचा मोह सगळ्यांना होतो. इंग्लंडच्या मिनिलाइटने साठच्या दशकात रॅलीच्या मिनींवर हे रूप गाजवलं, मूळ चाकं मॅग्नेशियमची होती आणि पुढे ॲल्युमिनियमचीही निघाली. पण जपानच्या वातानाबेचं प्रसिद्ध चाकही आठ काड्यांचंच, आणि ह्या रूपाच्या नकला जगभर ओतल्या गेल्या. म्हणून तोंड बघून चाक ओळखणं हा माझ्या लेखी सगळ्यात कच्चा पुरावा. चाकाची पाठ जास्त खरं बोलते.

पाठ आधी धुवायची. साबणाचं पाणी, जुना टूथब्रश, मग थिनरचं फडकं. तारेचा ब्रश आणि ग्राइंडर अजिबात नको. उठावाची अक्षरं एक मिलिमीटरही उंच नसतात, ती घासून गेली की पुरावा कायमचा गेला. पावडर कोटिंगवाल्याकडेही चाक ओळखल्याशिवाय देऊ नका. आधी सँडब्लास्ट आणि वर जाड रंग, म्हणजे अक्षरं दोनदा मारली जातात. आमच्याकडची खारी हवा हे काम तशीही हळूहळू करतच असते. समुद्रापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत राहिलेल्या चाकावर रंगाखाली पांढरी भुकटी धरते आणि अक्षरं आतून फुगून निघून जातात.

धुतल्यावर बघायच्या जागा अशा: प्रत्येक काडीची पाठ, हबला टेकणाऱ्या सपाट भागाची कड, दोन बोल्टभोकांच्या मधली जागा, मधल्या टोपणाखालची खोबण, टायर काढल्यावर आतली नळी, म्हणजे टायरखाली झाकला जाणारा भाग, आणि जिथे शिशाची वजनं चिकटवलेली असतात त्यांच्या खाली. मी हे काम संध्याकाळी करतो. शटर अर्धं ओढायचं, दिवा घालवायचा आणि मोबाइलचा टॉर्च चाकाला जवळजवळ टेकवून आडवा धरायचा. वरून उजेड मारला तर काहीच दिसत नाही. आडव्या उजेडात मिलिमीटरच्या पाव भागाचा उठावही सावली टाकतो. तरी नाही दिसलं तर चिमूटभर बारीक रांगोळी त्या जागी चोळायची आणि तळहाताने हलकेच पुसायची. खोलगट भागात पांढरं राहतं, उठाव काळा दिसतो. पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासली तरी चालतं, आणि तो कागद नंतर कुणाला पाठवायलाही बरा.

काकांच्या तिसऱ्या चाकावर, सातव्या काडीच्या पाठीला, रांगोळीत एक आकडा उठला: तेरा, गुणिले, साडेपाच, जे. म्हणजे तेरा इंच व्यास, साडेपाच इंच रुंदी आणि जे जातीची कड. बाकी तीन चाकांवर तो झिजून गेला होता. काका टॉर्च धरून उभे होते, ते एकदम म्हणाले, "बघ, बोलायला लागलं." चारपैकी एकानेच साक्ष दिली, म्हणून चारही तपासायची, एकावर थांबायचं नाही. त्या आकड्याजवळ एक लहानशी तबकडीही होती: मधे बाण, भोवती एक ते बारा, बाणाच्या दोन्ही बाजूंना वर्षाचे दोन आकडे. ओतकामाच्या साच्यात बसवलेली ही तारीख. बाणाचं टोक ज्या आकड्याकडे तो महिना. वर्षाचा पहिला आकडा सात होता, दुसरा पुसलेला. म्हणजे सत्तरच्या दशकातलं ओतकाम.

जपानी चाकावर पुढच्या काळात जेडब्ल्यूएल ही तिथल्या अलॉयच्या मानकाची खूण येते आणि तिच्या शेजारी बऱ्याचदा व्हीआयए, म्हणजे तपासणी संस्थेची खूण. जर्मन चाकावर केबीए आणि पुढे पाच आकडे असतात. हा फ्लेन्सबुर्गच्या वाहन-नोंदणी कार्यालयाने दिलेल्या मंजुरीचा क्रमांक, आणि त्यावरून चाक कुणाचं आणि कोणत्या गाड्यांसाठी मंजूर होतं हे सापडतं. तेव्हा जर्मन चाकावर बाकी सगळं पुसलेलं असलं तरी हे पाच आकडे वाचायचा कसून प्रयत्न करा. ह्यातली एकही खूण नाही, पृष्ठभाग रवाळ, साच्याच्या दोन भागांची रेघ जाड आणि तबकडी गायब, असं असेल तर ते बहुधा वाळूच्या साच्यात ओतलेलं लहान कारखान्याचं काम किंवा नक्कल समजावी. लोखंडी साच्यातल्या चाकाची पाठ गुळगुळीत असते आणि तिच्यावर साच्यातून ढकलून काढणाऱ्या पिनांचे गोल ठसे दिसतात.

व्यासाची गफलत

इथे जाणते लोकही चुकतात, म्हणून जरा थांबतो. काकांनी घरी टेप लावून माप आणलं होतं: साडेचौदा इंचाला थोडं कमी. ते म्हणाले, चौदाचं आहे. चाकाचा इंच हा बाहेरच्या कडेचा नसतोच, टायरची कड जिथे बसते त्या आतल्या गादीचा असतो. तेरा इंची चाकाची गादी ३२९.४ मिलिमीटर. जे जातीच्या कडेची उंची साधारण १७.३. दोन्हीकडून ती धरली की बाहेरचा व्यास ३६४ येतो, म्हणजे इंचात १४.३. काकांचं माप बरोबर होतं, त्याचा अर्थ चुकला होता. ह्याच हिशोबाने चौदाचं चाक बाहेरून ३८९ आणि पंधराचं ४१५ च्या आसपास भरतं.

आता खरी गंमत अशी की १९७५ मध्ये मिशलिनने टीआरएक्स नावाची टायर-चाकाची जोडी काढली, तिची मापं मिलिमीटरमध्ये: ३६५, ३९० वगैरे. ही मापं गादीची. त्यामुळे कुणी साध्या तेरा इंची चाकाला बाहेरून टेप लावतो, ३६५ वाचतो आणि टीआरएक्स समजून किमतीच्या मागे लागतो. उलट, खरं टीआरएक्सचं ३९० हाती आलं तर त्याला पंधराचा टायर बसवायचा प्रयत्न होतो. दोन्ही जाती एकमेकांना कधीही बसत नाहीत. जबरदस्तीने चढवून हवा भरली तर टायर कडेवरून उडून जीव जाऊ शकतो. टायर काढल्याशिवाय आणि गादी मोजल्याशिवाय ह्या दोघांत निर्णय देऊ नका.

रुंदीही आतूनच मोजायची, एका कडेच्या आतल्या बाजूपासून दुसरीच्या आतल्या बाजूपर्यंत. काकांच्या चाकावर १४० आलं, म्हणजे साडेपाच इंच, काडीवरच्या आकड्याशी जुळलं. पीसीडी ११४.३ आला.

जुळलं, तरी चालत नाही

काका खूश झाले. मारुती ८०० ला चार भोकं ११४.३, ह्यालाही तेच. पण अजून एक माप राहिलं होतं. चाक पालथं ठेवून आतल्या कडेवर सरळ पट्टी आडवी टाकली आणि तिथून हबला टेकणाऱ्या सपाट भागापर्यंत खोली मोजली: ९० मिलिमीटर. चाकाची बाहेरून पूर्ण रुंदी १६४, तिचा निम्मा ८२. नव्वदातून ब्याऐंशी गेले, आठ राहिले. ह्याला ईटी म्हणतात, म्हणजे चाकाच्या मधल्या रेषेपासून हबची बैठक किती मिलिमीटर बाहेर आहे ते. जुन्या, मागच्या चाकांनी ढकलणाऱ्या गाड्यांत ईटी असाच कमी असतो. मारुती पुढच्या चाकांनी ओढणारी, आणि तिची मूळ डिस्क, म्हणजे कंपनीचं पोलादी चाक, बारा इंची, अरुंद, बैठक बरीच बाहेर असलेली. तीच पट्टी तिच्या डिस्कला लावून दोन्ही मापं शेजारी ठेवली, तेव्हा हे चाक फेंडरच्या बाहेर जवळजवळ तीन सेंटिमीटर येणार असं दिसलं. स्टेअरिंग जड होणार, बेअरिंगवर भलत्या जागी ताण येणार आणि वळणावर टायर पत्र्याला घासणार. पीसीडी जुळला म्हणून चढवलं असतं तर पहिल्याच निवळी घाटात गाडी बोलली असती.

मधलं भोक आणि नटाची बैठक ही दोन मापंही टाळू नका. फियाट १२४, युनो, पालिओला मधलं भोक ५८.१ लागतं, जुन्या फोर्डला ६३.४, मर्सिडीजला ६६.६. भोक मोठं असेल तर मधली मोकळीक भरणारी रिंग लेथवर करून घ्या. नटाची बैठक शंकूसारखी आहे की वाटीसारखी, की सपाट आणि नळीवाल्या नटासाठी, हे टॉर्चने बघा. वाटीच्या बैठकीत शंकूचा नट घातला की तो एका रेघेवर टेकतो आणि थरथर-ढिलाईचं तेच चक्र पुन्हा सुरू होतं, पीसीडी अगदी बरोबर असूनही. फोक्सवॅगन, मर्सिडीज आणि पोर्शेच्या मूळ चाकांत वाटी असते.

मॅग्नेशियम की ॲल्युमिनियम

आधी लोहचुंबक लावा. हसू नका, साठ-सत्तरच्या दशकातलं इंग्रजी रोस्टाइल चाक लांबून अलॉय दिसतं आणि असतं पोलादी. चुंबक चिकटला की प्रश्न मिटला.

पुढे हाताला हलकं लागतं म्हणून मॅग्नेशियम, असं म्हणू नका. ताणकाटा आणि पाण्याचं मोठं पिंप घ्या. चाक कोरडं टांगून वजन करा, मग पूर्ण बुडवून, पिंपाला कुठे न टेकता, वजन करा. कोरड्या वजनाला दोन्ही वजनांतल्या फरकाने भागा. ॲल्युमिनियमचं उत्तर २.७ च्या आसपास येतं, मॅग्नेशियमचं १.८. पाणी विहिरीचं घ्या, समुद्राचं जड असतं. बुडवल्यावर चाक एकदा हलवून अडकलेली हवा काढून टाका. काकांचं चाक कोरडं ५.९ किलो, पाण्यात ३.७. फरक २.२. भागाकार २.६८. ॲल्युमिनियम. चारही तपासली, चारही तशीच. काका जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "बरं झालं कळलं ते." मुंबईच्या माणसाला मॅग्नेशियमच्या भावाने ती दिली असती तर पुढे त्यांच्याच शब्दाला बट्टा लागला असता.

खात्रीसाठी पाठीला एका लपलेल्या जागी रंग खरवडून व्हिनेगरचा थेंब टाकतात. मॅग्नेशियमवर लगेच बुडबुडे येतात, ॲल्युमिनियम शांत राहतं. थेंब पडला की ती जागा पाण्याने धुऊन, कोरडी करून, रंगवायलाच हवी.

मॅग्नेशियम निघालं तर काम वेगळ्या काळजीने करायचं. त्याचा कीस आणि भुकटी पेट घेते, आणि पेटलेल्या मॅग्नेशियमवर पाणी ओतलं तर आग भडकते, कारण पाण्यातून हायड्रोजन सुटतो. ग्राइंडर लावू नका, वेल्डिंग लावू नका, कोरडी रेती जवळ ठेवा. आणि कोकणात राहून असं चाक उघडं ठेवू नका. मॅग्नेशियम पोलादाला टेकलं आणि मधे खारा ओलावा आला की मॅग्नेशियम झिजतं, पोलाद वाचतं. म्हणून बोल्टभोकांच्या भोवती आणि हबच्या बैठकीवरच सगळ्यात आधी राखाडी खड्डे पडतात. रत्नागिरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. तेवढ्यात रंग उडालेलं मॅग्नेशियमचं चाक पागोळ्यांखाली पडून राहिलं तर पुढच्या शिमग्याला ते गाडीवर चढवायच्या लायकीचं नसतं. ओतीव मॅग्नेशियम सच्छिद्र असतं, हवा धरत नाही, त्यामुळे ट्यूब घालावी लागते. जुन्या चाकांत टायरची कड अडवणारा उंचवटाही बहुधा नसतो, तोही ट्यूबच्याच बाजूने बोलतो.

चीर शोधण्यासाठी जुन्या ओतकामवाल्यांची रीत मी अजून वापरतो. बोल्टभोकांच्या भोवती, काडीच्या मुळाशी आणि आतल्या कडेला रॉकेल लावायचं, अर्धा तास थांबायचं, कोरडं पुसायचं आणि खडूची बारीक पूड भुरभुरायची. चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर केसासारखी ओली रेघ उठते. महागाचं चाक असेल तर वर्कशॉपमध्ये डाय पेनिट्रंट, म्हणजे रंगीत द्रवाने चीर शोधायची तपासणी, करून घ्या, ते जास्त भरवशाचं. बोल्टभोकापासून काडीकडे जाणारी रेघ दिसली की ते चाक रस्त्यावर जायचं नाही. भोकं वेल्डिंगने भरून नव्या पीसीडीवर पाडून द्या, अशी मागणी मला दर हंगामात येते. मी ती करत नाही. पन्नास वर्षांच्या ओतकामाला वेल्डिंगची उष्णता लागली की त्या जागचं बळ कमी होतं, आणि नेमकी तीच जागा अख्ख्या गाडीचा भार घेते.

काकांच्या चाकांत चीर निघाली नाही. प्रत्येकाच्या आतल्या नळीत मी मार्करने लिहिलं: चार भोकं ११४.३, तेरा इंच, साडेपाच जे, ईटी ८, शंकूची बैठक, ॲल्युमिनियम, जपानी, सत्तरचं दशक. कंपनीची जागा मोकळी ठेवली. अंदाजाने तिथे एखादं मोठं नाव लिहिलं असतं तर पुढचा माणूस त्यालाच पुरावा समजला असता. ह्या मापांवरून ती एखाद्या मागच्या चाकांनी ढकलणाऱ्या, तेरा इंची जपानी गाडीची आहेत एवढं पक्कं. काकांनी ती परत माळ्यावर नेली, ह्या वेळी गोणपाटावर नाही, लाकडी फळीवर.

फियाटवाल्या दादांना मी त्याच दिवशी मूळ पोलादी डिस्क लावून दिल्या. ते १०० चे अलॉय त्यांनी देऊन टाकले आणि दोन महिन्यांनी ९८ चा संच मिळवून आणला, आधी फोनवर मला चारही मापं सांगून. बसवताना बोल्ट फुलीच्या क्रमाने, टॉर्क पान्याने, चाक अधांतरी असतानाच थोडे थोडे आवळत नेले, आणि त्यांना म्हटलं, लांज्यापर्यंत जाऊन परत या, पन्नास-साठ किलोमीटर होतील, थंड झाल्यावर पुन्हा पाना लावू. नव्या बसवलेल्या अलॉयला हे करावंच लागतं, ह्यात सूट नाही. दुपारी ते परत आले. एक बोल्ट पूर्ण काढून उन्हात धरला. उतारावर चारी बाजूंनी सारखी, बांगडीसारखी गोल चकाकी उमटली होती.